लंडनची तिसरी शिट्टी

मंगळवारी सकाळी, अकरा वाजून गेले असतील, द्रौपदी भालेराव सुपात जवळा पसरून त्यातला कचरा वेचत बसली होती, तेव्हा फ्रिजवरचा मोबाइल दोनदा किणकिणला. फोन असता तर तिने उठायची घाई केली असती. मेसेज होता, म्हणजे रिचार्जवाल्यांचा नाहीतर गाणी विकणाऱ्यांचा, असं म्हणून तिने आधी सूप संपवलं. मग जवळ्याचा वास लागलेली बोटं फोनला लागू नयेत म्हणून करंगळीच्या पेरानं बटण दाबलं. सगळा मजकूर इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, कोणीतरी लांबून ओरडून सांगावं तसा. अभिनंदन. लंडनच्या सोडतीत जगभरच्या लाखो मोबाइल नंबरांमधून तुमचा नंबर निवडला गेला आहे. पाच लाख पौंड. खाली एक तिकीट नंबर, दिल्लीच्या कोण्या अधिकाऱ्याचा फोन, आणि शेवटी ताकीद : बक्षीस हातात पडेपर्यंत ही बातमी कोणालाही सांगू नये. द्रौपदीनं ते एकदा वाचलं, भाकरीचं पीठ मळायला घेतलं, पीठ तसंच परातीत सोडून हात धुतले आणि पुन्हा वाचलं. गंमत म्हणजे पौंडांकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिची नजर 'तुमचा नंबर' या दोन शब्दांपाशी जाऊन अडकली. छातीत काहीतरी हललं, जिना उतरताना एक पायरी जास्तीची निघावी तसं.

तुमचा नंबर. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तिचा असा नंबर तिला गेल्या दिवाळीत मिळाला होता. अस्मितानं, तिच्या लेकीनं, पुण्याहून येताना हा फोन आणला आणि म्हणाली, "आई, हा तुझाच. पप्पांना द्यायचा नाही." तोवर नंबर सगळे दुसऱ्यांचे होते. अंबरनाथच्या रसायनाच्या कंपनीत चोवीस वर्षं तिने टेलिफोन बोर्ड सांभाळला. सत्तावीस म्हणजे डिस्पॅच, एकतीस म्हणजे लॅब, अकरा मोठे साहेब, बारा त्यांचे मेहुणे. आजही झोपेतून उठवून विचारलं तर तिने सांगितलं असतं. मुंबईच्या हेड ऑफिसचा, अंकलेश्वरच्या प्लांटचा, मद्रासच्या एजंटचा, साहेबांच्या सासूबाईंचा. हजारो माणसांना तिने हजारो माणसांशी जोडून दिलं आणि जोडून झालं की कानावरून हेडफोन उतरवला. तिच्यासाठी म्हणून त्या बोर्डावर चोवीस वर्षांत तीन फोन आले : वडील गेले तेव्हा, अस्मिताचा दहावीचा निकाल लागला तेव्हा, आणि एकदा चुकून. आणि आता कुठल्या तरी यंत्रानं जगभरच्या लाखो नंबरांच्या ढिगात हात घालून नेमका तिचा उचलला होता. बदलापूरजवळच्या खरवईतल्या दुसऱ्या मजल्यावरचा, जवळ्याचा वास लागलेला.

मनाचा एक कोपरा शहाणा होता, नाही असं नाही. तो म्हणाला, बाई, तू तिकीट कधी काढलंस? त्यावर दुसरा कोपरा म्हणाला, तिकीट कशाला लागतं, नंबर कंप्युटर काढतो, कंपनीतसुद्धा बोर्ड काढून कंप्युटरच बसवला नव्हता का? दोन हजार तीन साली तो बसवला, आणि त्यात रेकॉर्ड केलेली एक बाई दिवसभर तेच ते तीन वाक्यांत बोलायला लागली. द्रौपदीनं स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या दिवशी तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि लॅबमधल्या एका म्हाताऱ्या केमिस्टनं सांगितलं, "मिसेस भालेराव, तुमचा आवाज ऐकला की वाटायचं, समोरचा माणूस घरीच असणार." ते वाक्य तिने शालीपेक्षा जपून ठेवलं होतं. नोकरी मिळाली तीसुद्धा आवाजावरच. पाच मुली आल्या होत्या. साहेबांनी कोणालाही आत बोलावलं नाही. एकेकीला बाहेरच्या फोनवरून बोलायला लावलं आणि आपल्या खोलीत बसून ऐकलं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या बराकीतली, शिवराम झाडूवाल्याची पोर आणि चर्चगेटच्या कॉलेजातली पोर, दोघी त्या तारेत सारख्याच. आवाजाला आडनाव नसतं, हे द्रौपदी त्या दिवशी शिकली. पुढे आयुष्यभर माणूस खरा की खोटा हे ती आवाजावरूनच ओळखत आली. साहेब घरी आहेत की नाहीत, चेक खरंच निघालाय की नाही, समोरचा हसतोय तो आतून की दातातून. मेसेजला मात्र आवाज नव्हता. त्याच्यावर कुठे बोट ठेवून पाहावं हेच तिला कळेना.

भीमराव दुपारी जेवायला आला. तो रोज सकाळी चार नंबर कॅम्पात जुन्या विहाराच्या वाचनालयात पेपर वाचायला जातो, चार म्हाताऱ्यांशी वाद घालतो आणि भूक लागली की परततो. लग्नात लोक म्हणाले होते, द्रौपदीला नवरा एकच मिळाला, पण नेमका भीम. आणि एकतीस वर्षांत त्यानं त्या विनोदाला कुठे उणेपणा येऊ दिला नव्हता. दीड वाजता तीन भाकऱ्यांवर त्याने जवळा संपवला आणि म्हणाला, "काय गं, आज गप का?" ती म्हणाली, "काही नाही." "मघाशी मोबाइल वाजला का? अस्मिताचा होता?" "रिचार्जवाल्यांचा," ती म्हणाली. म्हणाली आणि तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं त्याच्याशी भांडली, रुसली, एकदा भाऊ आनंदाकडे निघूनही गेली होती. पण साधी सरळ थाप अशी कधी मारली नव्हती. आणि कशासाठी, तर मेसेजात लिहिलंय, कोणाला सांगू नका. अनोळखी माणसाच्या एका ओळीनं तिला नवऱ्यापासून पाटाच्या अंतरावरून कोसभर लांब नेऊन बसवलं होतं. हे तिला त्या क्षणी कळलं नाही. त्या क्षणी तिला फक्त मजा वाटली, लहानपणी तोंडात चिंच लपवून वर्गात बसावं तशी. भीमराव लवंडला. ती आवरत राहिली आणि मनातल्या मनात फोन लावत राहिली. आधी अस्मिताला. मग भावाला. मग कंपनीत, तिथे ती रेकॉर्ड केलेली बाई उचलेल, तिला नऊ दाबून गप्प करायचं आणि मोठ्या साहेबांना मागायचं. 'कोण बोलतंय?' 'मी बोलतेय, सर. ऑपरेटर.' ताटं घासून झाली तरी ती अजून फोनच करत होती.

भीमराव घोरायला लागल्यावर तिने गॅलरीचं दार ओढून घेतलं. समोर चंदेरीचा डोंगर उन्हात फिकट झाला होता, खाली कुणाची तरी गोधडी वाळत होती. दिल्लीचा नंबर तिने एकेक आकडा म्हणत दाबला. तिकडून लगेच उचलला गेला. "मॅडम! हम तो आपके ही फोन का इंतज़ार कर रहे थे." माणूस तरुण होता, आवाज तुपातला. तिने नाव सांगितलं. वय सांगितलं. पत्ता सांगितला, मजल्यासकट. नवऱ्याचं नाव, बँकेत खातं आहे का, आहे, बदलापूरला, स्टेशनाजवळ. तो प्रत्येक उत्तराला "वेरी गुड मॅडम" म्हणत होता आणि तिला शाळेत धडाधड उत्तरं दिल्यासारखं वाटत होतं. मग तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, एक बात बोलूँ? आपकी आवाज़ तो रेडिओ जैसी है." द्रौपदी गॅलरीत एकटी उभी राहून लाजली. पाच वर्षांत तिला हे कोणी म्हणालं नव्हतं. आत्ता त्याने घराची किल्ली मागितली असती तरी तिने दिली असती. "खाते का नंबर मॅनेजर साब लेंगे," तो म्हणाला, "मैं आपको लंडन ट्रान्स्फर करता हूँ, लाइन पे रहिए." त्याच वेळी त्याच्या पाठीमागे कुठेतरी प्रेशर कुकरची एक शिट्टी झाली.

ती लाइनवर राहिली. आणि मग इतकी वर्षं तिच्या कानात राहायला असलेली दुसरी एक बाई, जी आज सकाळपासून अवाक्षर बोलली नव्हती, ती जागी झाली. फोन खरा ट्रान्स्फर होतो तेव्हा तार बदलते. एक खट्ट येतं, मग पोकळी येते, विहिरीत डोकावल्यासारखी, आणि तिच्यातून दुसऱ्या गावाची घरघर वर येते. अंकलेश्वरची घरघर वेगळी, मद्रासची वेगळी. लंडन तिने वर्षातून दोनदा लावलेलं होतं. तिथे आपलं वाक्य संपल्यावर अर्धा श्वास वाट पाहावी लागायची, मगच साहेब हॅलो म्हणायचा. इथे काहीच झालं नाही. हातानं तोंड झाकल्यासारखा फोन क्षणभर दबला, तोच पंखा त्याच घासणाऱ्या पात्यानं फिरत राहिला, आणि एक जाड आवाज तोंडात बटाटा धरल्यासारख्या इंग्रजीत म्हणाला, "येस मॅडम, दिस इज लंडन." आणि पंख्यापलीकडे दुसरी शिट्टी झाली. द्रौपदीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. "मॅडम, युवर अकाउंट नंबर प्लीज?" लंडननं विचारलं. ती ऐकत होती. आणखी कोणीतरी त्याच खोलीत दुसऱ्या फोनवर तुपात बोलत होता, "मॅडम, एक बात बोलूँ? आपकी आवाज़ तो..." एवढ्यात लंडनमध्ये तिसरी शिट्टी झाली आणि कोण्या बाईनं हिंदीत ओरडून सांगितलं की कोणीतरी गॅस बंद करा. द्रौपदीनं फोन कट केला.

तासाभरानं तिला सुचलं की आपण म्हणायला हवं होतं, 'लंडनवाले, डाळ शिजली असेल, बघा.' अशी वाक्यं माणसाला तासाभरानंच सुचतात. त्या वेळी मात्र ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि गळ्यापासून कानापर्यंत तापली. पैसे गेले नव्हते, खात्याचा नंबर गेला नव्हता; पण नाव गेलं होतं, पत्ता गेला होता, आणि ती लाजली होती, ते गेलं होतं. ते परत कुठून आणायचं? रेडिओसारखा आवाज त्या खोलीतून दिवसाला पन्नास बायकांना वाटला जात होता, रेवडीसारखा. फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. तिने वाजू दिला. संध्याकाळपर्यंत तो सात वेळा वाजला, भीमराव म्हणाला, "उचल की." ती म्हणाली, "रिचार्जवाले." दुसरी थाप पहिलीपेक्षा सोपी गेली, हे तिच्या ध्यानात आलं आणि आवडलं नाही. मेसेज पुसून टाकावा असं दहादा वाटलं. अंगठा बटणापर्यंत जायचा आणि परत यायचा. पुसला म्हणजे झालंच नाही असं होणार होतं का? गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली तिने फोन ठेवला, बंद करून, मेल्या उंदरासारखा.

बुधवारी दुपारी कौसाबाई आली. तळमजल्यावरची. खरवई गावातलीच, बिल्डिंग उभी आहे ती जमीन तिचीच. बिल्डरनं तिला खाली दोन खोल्या आणि बँकेत ठेव दिली, आणि सुनेनं, शलाकानं, मोबाइल घेऊन दिला. कौसाबाईला अक्षर येत नाही. आलेला प्रत्येक मेसेज ती लुगड्याच्या ओच्यातून बाळासारखा काढून द्रौपदीकडे आणते, आणि द्रौपदी तिला वाचून दाखवते : कौसाबाई, हे गाणं घ्या म्हणतात, कौसाबाई, तुमचे चार रुपये उरले म्हणतात. "अगो दुरपदे," दारातूनच ती म्हणाली, "मना कायतरी मोठा आलाय, वाच बघू." तिच्या हातात उजळलेला फोन होता. द्रौपदीनं तो पाहिला, आणि हातात घेतलाच नाही. आज तिला कोणाचाही मेसेज वाचायचा नव्हता. आपल्या आवाजात तर मुळीच नाही. "कौसाबाई, आज डोकं फार दुखतंय हो," ती म्हणाली. "उद्या वाचू." कौसाबाईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, बाम चोळायला सांगितलं आणि जिना उतरून गेली. गुरुवारी ती आलीच नाही. द्रौपदीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्यातच कुठेतरी कुसळ टोचत राहिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला द्रौपदी दूध घेऊन वर येत होती, तर शलाका दारात रांगोळी घालत होती, आणि तीही केवढी, उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत. सण नव्हता, वार नव्हता. "काय गं, आज काय विशेष?" शलाका ओठ दाबून हसली. तिच्या पोटात काहीतरी मावत नव्हतं हे अख्ख्या अंगावर दिसत होतं. "काकी, कोणाला सांगायचं नाहीये. पण तुम्हाला सांगते. आईंना लॉटरी लागली. लंडनची." द्रौपदीच्या हातातली दुधाची पिशवी थंडगार लागली. शलाका बोलतच होती. बुधवारी तुमचं डोकं दुखत होतं ना, मग मीच वाचला मेसेज. दहावीपर्यंत इंग्लिश होतं मला. फोनपण मीच केला. इतका गोड माणूस आहे काकी, मला म्हणाला, आपकी आवाज़ तो रेडिओ जैसी है. काल फाइल उघडायला पाच हजार भरले त्यांच्या खात्यात. आज कस्टमचे दीड लाख भरले की सोमवारी पैसे. आई आत्ताच गेल्या बँकेत, ठेव मोडायला. मी म्हटलं येते, तर तो म्हणाला, घरात एकीनं थांबा, लंडनचा माणूस येईल. "रिक्षानं गेल्या?" द्रौपदीनं विचारलं. आपला आवाज इतका सपाट कसा निघाला, तिला कळलं नाही. "दहा मिनिटं झाली." द्रौपदीनं दुधाची पिशवी रांगोळीच्या मधोमध ठेवली, "हे आत ठेव, आणि तो माणूस कितीही गोड बोलला तरी फोन उचलू नकोस, मी येईपर्यंत," असं म्हणाली आणि वर पळाली. कपाटातल्या साड्या उपसून फोन काढला, चालू केला, कौसाबाईला लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. तो टूंक-टूंक आवाज चोवीस वर्षं तिने ऐकला होता, पण इतका दुष्ट कधी वाटला नव्हता. त्यांनी तिला लाइनवर धरून ठेवलं होतं. मध्ये कोणाचाही आवाज शिरू नये म्हणून. हे काम बारीक होतं, बोर्ड चालवणाऱ्यालाच कळावं असं.

नाक्यावर शेअर रिक्षात तीन माणसं होती आणि रिक्षावाला पाचवं माणूस आल्याशिवाय हलायला तयार नव्हता. "पाचव्याचेपण मीच देते, चल," द्रौपदी म्हणाली. रिक्षा निघाली. खड्डे चुकवत, पाण्याच्या टँकरमागे रखडत ती चालली असताना द्रौपदीच्या मनात एकच वाक्य घोळत होतं आणि ते वाक्य कौसाबाईला सांगायचं नव्हतं, स्वतःला सांगायचं होतं. मंगळवारी दुपारी तीन वाजता मला कळलं होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी कपाटात ठेवलं. मी लाजेनं गप्प बसले आणि माझ्या गप्प बसण्यावर त्यांनी कौसाबाईकडून पाच हजार काढले. त्या लोकांना मोबाइल लागत नाही, तुपातला आवाज लागत नाही. लागते ती ही गप्प बसणारी बाई. एका बिल्डिंगीत दोन जणींना एकच बक्षीस लागतं आणि दोघी जिन्यात भेटून तोंडाला कुलूप लावतात, यावर त्यांचा सगळा धंदा. रिक्षात शेजारी एक म्हातारा पालेभाजीची जुडी मांडीवर घेऊन बसला होता. मेथीचा कडवट हिरवा वास येत होता. आणि त्या वासात तिला एकदम हसू आलं, स्वतःचंच. पंचावन्न वर्षांची बाई. गॅलरीत उभी राहून लाजते. चंदेरीचा डोंगर बघत होता. कोणाला सांगितलं तर काय होईल? हसतील. मग हसू देत. हसून तर आजवर कोणी बँकेतली ठेव मोडलेली नाही.

बँकेत शुक्रवारची गर्दी होती. कौसाबाई काउंटरसमोर उभी होती, हिरवं नवं लुगडं, नाकात नथ, बगलेत पिशवी, आणि कानाला फोन. दुसऱ्या हाताने ती ठेवीची पावती खिडकीतून आत सरकवत होती. आत संध्या नावाच्या बाई होत्या; द्रौपदीच्या पेन्शनचं त्याच बघायच्या. "मॅडम, थांबा!" द्रौपदी दारातूनच म्हणाली. तिला वाटलं हळू म्हणाली, पण बोर्डावरचा आवाज होता तो. अख्खी रांग वळली. "कौसाबाई, फोन ठेवा. खोटं आहे ते." कौसाबाईनं फोनवर हात दाबला आणि डोळे बारीक केले. "कंनी सांगतला तुना? शलाकीनं? ती नाय कनाला सांगनार." मग म्हणाली, "दुरपदे, तुजा डोला हाय काय माज्या पैशावर?" ते लागलं. रांगेतली माणसं ऐकत होती. एक जण गालातल्या गालात हसला. द्रौपदीनं जे वाक्य तिला रेल्वेखाली जीव देण्यापेक्षा अवघड वाटत आलं होतं ते सरळ म्हणून टाकलं. "मलापण लागली आहे, कौसाबाई. हीच. मंगळवारी. मीपण फोन केला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, तो म्हणाला तुमचा आवाज रेडिओसारखा आहे, आणि मी फुगले. खात्याचा नंबर देणारच होते. नंतर कळलं, आणि लाज वाटली म्हणून तुम्हाला बोलले नाही. डोकंबिकं काही दुखत नव्हतं माझं."

कौसाबाईनं तिच्यापुढे हात केला. मग म्हणाली, "दाव." द्रौपदीनं आपला फोन काढला, मेसेज उघडला. कौसाबाईनं फोन कानावरून उतरवला. त्यातून बारीकसा 'हॅलो माताजी, हॅलो' येत राहिला. तो तिने तसाच तोडला आणि संध्याबाईंकडून तिचा मेसेज उघडून घेतला. दोन्ही फोन तिने काउंटरवर शेजारीशेजारी ठेवले. अक्षर तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. सर्व्हे नंबर, सातबारा, बिल्डरची कागदं, सगळं आयुष्य आकड्यांवर गेलेलं. तिने बोट ठेवून तिकीट नंबराचे आकडे जुळवायला घेतले. डावीकडचं चार, उजवीकडचं चार. सात, सात. शून्य, शून्य. भाताच्या दोन लोंब्या शेजारी धरून दाणे मोजावेत तसं तिचं बोट चाललं. रांग थांबून बघत होती. शेवटचा आकडाही जुळला तेव्हा ती म्हणाली, "येकच तिकीट." आणि मग हळूच, "पयला नंबर तं येकालाच लागतो ना?" "एकालाच," द्रौपदी म्हणाली. "म्हंजे कनालाच नाय." संध्याबाईंनी ठेवीची पावती खिडकीतून परत बाहेर सरकवली. "आजी, बक्षीस देणारा माणूस आधी तुमच्याकडून पैसे मागेल का? या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या. आधीच्या तिघींनी मला विचारलंसुद्धा नाही, 'घरचं काम आहे' म्हणून भरून गेल्या."

फोन वाजला. कौसाबाईचा. तोच नंबर. "मी बोलू?" द्रौपदीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उचलला. पलीकडे तूप होतं. "माताजी, लाइन कैसे कट गई? पैसा निकाला?" द्रौपदी ताठ उभी राहिली. पाठीचा कणा, खांदे, हनुवटी, सगळं आपोआप बोर्डासमोर बसल्यासारखं जागेवर गेलं. "लंडन ऑफिस से बोल रही हूँ," ती अतिशय स्वच्छ आवाजात म्हणाली. "मंगल की दाल पक गई होगी. गॅस बंद कर दो." पलीकडे फक्त पंख्याचं पातं घासत राहिलं आणि फोन कट झाला. बँकेत आधी शिपाई हसला, मग रांग, मग खुद्द संध्याबाई. कौसाबाईनं कालच्या पाच हजारांचं सांगितलं, तसं त्यांनी हसता हसता दटावलंही. "आता पुन्हा नाही हं काकू. उचलायचाच नाही. उत्तर द्यायचं नाही, फोन करायचा नाही, आणि मेसेज पुसायचे नाहीत, दोन्ही फोन पोलीस ठाण्यात दाखवा. काल पाच हजार भरल्याची पावती आहे ना? त्यावर त्यांच्या खात्याचा नंबर आहे, तो लिहून द्या. मीपण आमच्या साहेबांना देते. पैसे परत येतील असं मी सांगत नाही. पण लवकर सांगितलेलं बरं. आणि बँकेचा म्हणून कोणाचा फोन आला तरी नंबर सांगायचा नाही. इथे यायचं, मला विचारायचं." त्यांनी द्रौपदीच्या खात्यावरही सावधगिरीचा एक शेरा मारून ठेवला. रांगेतल्या एका गृहस्थानं घसा खाकरला आणि खिशातून आपला मोबाइल काढत अगदी हळू विचारलं, "मॅडम, हा जरा बघता का? मला सोमवारी आलाय."

पोलीस ठाण्यात तासभर गेला. हवालदारानं दोन्ही मेसेज उतरवून घेतले, तारखा, वेळा, आकडे. द्रौपदीनं त्याला पंख्याचं घासणारं पातं आणि लाइनवरचा दुसरा माणूसही लिहायला लावला. तिथूनच तिने वाचनालयाच्या नंबरावर भीमरावला फोनवर बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, मंगळवारच्या थापेपासून. त्यानं आधी वाद घालणाऱ्या म्हाताऱ्यांना गप्प केलं. मग म्हणाला, "रेडिओसारखा काय! ते तर मी लग्नाआधीपासून म्हणतोय. तेव्हा नाही लाजलीस ती!" बाहेर आल्यावर कौसाबाई म्हणाली, "भूक लागली." दोघी स्टेशनजवळच्या गाडीवर कलिंगड खायला उभ्या राहिल्या. कौसाबाई नथ वर धरून खात होती आणि बिया नेमानं हातात गोळा करत होती. पाच हजारांचं द्रौपदीला राहवेना. "अर्धे मी देते, कौसाबाई. माझ्या डोकेदुखीचे." "व्हय गं? येवडा महाग डोका तुजा?" म्हणून कौसाबाईनं ते उडवून लावलं. थोड्या वेळानं तिनेच विचारलं, "दुरपदे, खरा सांग. लागली आस्ती तं काय केला आस्तास?" द्रौपदीनं विचार केला. घर, दागिने, परदेश, काहीच आठवेना. "मी पैशापर्यंत पोचलेच नाही," ती म्हणाली. "कोणाकोणाला फोन करून सांगायचं, त्यातच दुपार गेली माझी. आणि तुम्ही?"

कौसाबाईनं कलिंगडाची साल ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि अगदी ठरवून ठेवल्यासारखं सांगितलं. "मी ती बिल्डिंग इकत घेतली आस्ती. सगली. आनी पाडली आस्ती. खाली बेस जमीन हाय, गो. भात लावला आस्ता."

"आणि आम्ही कुठे गेलो असतो? वर आम्ही राहतो की!"

कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. या प्रश्नाचा विचार तिने तीन दिवसांत केलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग ती खूप वेळ हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कलिंगडवाल्यानं सुरी थांबवून बघेपर्यंत, आणि द्रौपदीच्या दंडाला धरून म्हणाली, "तुना आनि भीमरावला बांदावर येक खोली दिली आस्ती, गो. भाडा नाय घेतला आस्ता."